तिसऱ्या पेटीतला पंखा

मी पंखा बोलतोय. वर छताकडे बघू नका, तो मी नव्हे. त्याची पाती लांबलचक असतात, त्याच्याखाली लोक पाय ताणून झोपतात आणि वीज गेली की त्याचीच आठवण काढतात. मी तळहातावर मावतो. सात पाती, काळी चौकट, चार कोपऱ्यांना चार भोकं आणि मागे शेपटीसारख्या दोन वायरी. संगणकाच्या पोटात बसून त्याला वारा घालायचा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. पुढे माझ्या नशिबी काय काय आलं ते सांगतो. सांगताना थोडी चिडचिड होईल, ती पोटात घाला.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. प्रत्येक पंख्याला दोन क्षण वीज द्यायची आणि कानाशी धरायची. आवाज नितळ असेल तर उजवीकडच्या खोक्यात, नसेल तर डावीकडच्या. मला तिने जरा जास्त वेळ कानाशी धरलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा जोरात पळवला की कुरकुरतो."

"टाक उजवीकडे," शेजारीण म्हणाली. "याला जोरात पळवायला कोण बसलंय?"

एवढ्यावर माझं पास-नापास ठरलं. माझा स्वभाव त्या बाईला दोन क्षणांत कळला होता. पुढे जे भेटले त्यांना तो वर्षानुवर्षं कळला नाही.

पहिली नोकरी एका छापखान्यात. मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांच्या संगणकात मला बसवलं. माणूस सज्जन, शब्दातली वेलांटी चुकली तर त्यांना घास गिळवत नसे. पण तपासून झालेल्या कागदांचा गठ्ठा ते नेमका माझ्या जाळीला टेकवून ठेवायचे. वारा आत यायला फट नाही आणि बाहेर जायला वाट नाही. उन्हाळ्यात संगणक तापून बंद पडला की म्हणायचे, "पंखाच बेकार आहे." आधी नाक दाबायचं आणि वर म्हणायचं, हा श्वास घेत नाही. असं सहा वर्षं चाललं. मग तो संगणक भंगारात गेला आणि भंगारातून मी एका डिझाइन कॉलेजच्या स्टोअरमध्ये आलो.

स्टोअरच्या काकांनी माझ्या अंगावरची धूळ फुंकली, पांढऱ्या रंगाने पाठीवर एक्केचाळीस आकडा घातला आणि मला खणात ठेवलं. इथला रिवाज वेगळाच होता. विद्यार्थी यायचे, मोटरी, दिवे, पंखे, वायरी घेऊन जायचे आणि त्यांतून काहीतरी भन्नाट उभं करायचे. परीक्षक यायचे, माना डोलवायचे, फोटो निघायचे. दुसऱ्या दिवशी त्या भन्नाटाचे स्क्रू काढले जायचे आणि आम्ही सगळे पुन्हा आपापल्या खणात. मी एकदा श्वास घेणाऱ्या दिव्यात होतो. एकदा कोणी जवळ आलं की फुगणाऱ्या कोटात होतो. एकदा तर माणूस खोटं बोलला की थरथरणाऱ्या पडद्यामागे होतो, तो पडदा खरं बोललं तरी थरथरायचा. म्हणजे दर सहामाहीला माझं लग्न आणि दर सहामाहीला काडीमोड. कुठेतरी एका जागी टिकावं, एवढी एकच इच्छा मनात धरून मी खणात पडलेला असे.

आणि मग वाइन बनवणाऱ्या एका कंपनीने कॉलेजला काम दिलं.

कंपनीचं नवं दालन उघडायचं होतं. आलेल्या पाहुण्याने हातात ग्लास घेण्याआधी वाइन म्हणजे काय ते नाकाने, कानाने आणि हाताने समजून घ्यावं, अशी त्यांची कल्पना. विद्यार्थ्यांच्या तीन गटांनी तीन रचना करायच्या. त्यांतली एक निवडली जाईल आणि त्या दालनात कायमची राहील. कायमची, हा शब्द मी खणात पडल्या पडल्या ऐकला तेव्हा माझी पाती आपोआप हलल्यासारखी वाटली. खरं म्हणजे काकांनी खण ओढला होता.

मला ज्या गटाने नेलं त्यात तिघं होती. एक कप्तान. नाव काहीही असो, सगळे त्याला कप्तानच म्हणायचे, कारण कोणी न सांगता तो पुढे उभा राहायचा. आवाज मोठा, हातवारे त्याहून मोठे. दुसरी ठिणगी. वायरी जोडणं, सोल्डरिंगचं झाळकाम, सगळं तिच्याकडे आणि तिच्या बोटांवर त्याचे भाजलेले ठिपके. तिसरी ताई. वय पस्तीस, वर्गात सगळ्यांत मोठी. दहा वर्षं दातांच्या कवळ्या बनवायच्या कामात घालवून, ती नोकरी सोडून शिकायला आलेली. मुलाला आईकडे ठेवलेलं.

मला रचनेच्या एका लाकडी पेटीत बसवत असतानाच ठिणगीने तिला विचारलं, "ताई, तू मागच्या सहामाहीला नापास कशी झालीस गं? तुझं काम तर सगळ्यांत नीट असतं."

"कामाला मार्क होते. शेरा होता, गटात जमवून घेत नाही."

"म्हणजे काय?"

"आमच्या गटाने खुर्ची केली होती. मी म्हणत होते, यावर बसलं की माणूस पडणार. शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत राहिले."

"मग?"

"मग परीक्षक बसले आणि पडले."

ठिणगी इतकी हसली की माझा एक स्क्रू तिच्या हातून घरंगळत टेबलाखाली गेला.

"हसू नकोस," ताई वाकून तो शोधत म्हणाली. "गटाने सांगितलं, हिच्या किरकिरीने आमचा धीर गेला, म्हणून खुर्ची कच्ची राहिली. या वेळी पुन्हा तसा शेरा आला तर माझं नाव कमी होणार आहे. आईला शब्द दिलाय, या वेळी तोंड उघडणार नाही म्हणून."

शब्द दिला म्हणाली तेव्हाच मला बरं वाटलं नव्हतं. पण मला विचारतो कोण?

रचना अशी होती. भिंतीवर ओळीने पाच लाकडी पेट्या. प्रत्येकीला पुढे कागदाचा एक मोठा कर्णा, आणि खाली पितळेची पट्टी. पट्टीवर तळहात ठेवला की दिवा मंद व्हायचा, कर्ण्यातून आवाज यायचा, आत पंखा फिरायचा आणि कर्ण्यात तोंड घातलेल्या माणसाच्या नाकाशी वास यायचा. पहिल्या पेटीत ओल्या मातीचा, दुसरीत पिकलेल्या काळ्या द्राक्षांचा, चौथीत लवंग-मिऱ्यांचा, पाचवीत कातड्याचा. तिसरी पेटी माझी. तिच्यात धूर आणि जुनं लाकूड. वाइन पिंपात पडून राहिली की तिला म्हणे असले सगळे वास लागतात. मी वाइन कधी पाहिलेली नाही. माझ्या पुढ्यात कापसाचा एक बोळा होता आणि त्यावर बाटलीतल्या अर्काचे दोन थेंब.

माझा वेग ठरवायला बाहेर एक बटण होतं, एक ते दहा. पहिल्या दिवशी ठिणगीने ते दोनवर ठेवलं. मी हळूच फिरलो. ताईने कर्ण्यात तोंड घातलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अगदी बरोबर. पाऊल न वाजवता कोणीतरी मागे येऊन उभं राहावं तसा येतोय." मी संगणकांना वारा घातला, दिव्यांना श्वास दिला, कोट फुगवले, पण कोणी अगदी बरोबर असं त्याआधी म्हणालं नव्हतं. तो दिवस तिथेच थांबायला हवा होता.

पण संध्याकाळी कप्तानने कर्ण्यात तोंड घातलं आणि म्हणाला, "काहीच येत नाहीये. व्हिजिटरला भिडलं पाहिजे. तीन कर."

वास येत नव्हता कसा? तो सकाळपासून तिथेच बसला होता, नाही का. नाकाचं असं असतं, नवा पाहुणा आला की ते उठून उभं राहतं, आणि तोच पाहुणा तासभर बसला की खुशाल झोपी जातं. पाहुणा गेलेला नसतो, नाकाने डोळे मिटलेले असतात. ती तिघं सकाळी नऊला यायची, संध्याकाळी सहाला जायची आणि दिवसभर त्याच वासात बसून त्याच वासाची परीक्षा घ्यायची. जेवायचीसुद्धा तिथेच. दर संध्याकाळी वास कमी झालेला वाटायचा, दर संध्याकाळी बटण पुढे जायचं आणि बोळ्यावर थेंब वाढायचे. तीनचे चार झाले, चाराचे सहा. बारा दिवसांत बटण नऊवर आणि थेंब अकरावर. अति तेथे माती म्हणतात, पण यांनी माती पहिल्या पेटीत वेगळी ठेवली होती.

सातच्या पुढे मी कुरकुरायला लागलो. माझं बोलणं म्हणजे तेवढंच. मी म्हणत होतो, हळू. ठिणगी म्हणाली, "तेल मागतोय वाटतं," आणि तिने माझ्या मधोमध शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. माझी तक्रार बंद झाली आणि काम तसंच चालू राहिलं. तुमच्याकडेही तक्रारींचं असंच करतात का, ते मला ठाऊक नाही.

या सगळ्यात एका माणसाचं नाक जागं होतं. रोज सकाळी सातला स्टुडिओ झाडायला मावशी यायच्या. रात्रभर बंद खोलीत कोंडलेला तो वास, त्यांनी दार उघडलं की अंगावर जायचा. मावशी बाही नाकाला लावून आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन उभ्या राहायच्या, मग केरसुणी हातात घ्यायच्या. एक दिवस त्या विद्यार्थ्यांची वाट बघत थांबल्या.

"पोरांनो, इथे काय जाळता तुम्ही?"

"जाळत नाही, मावशी," कप्तान म्हणाला. "हा पिंपाच्या लाकडाचा धूर आहे. वाइनला येतो तसा."

"धूर मला माहीत आहे. धुराने डोळ्यांत पाणी येतं. याने पोटात ढवळतं."

"तुम्हाला वाइनची सवय नाही ना, म्हणून तसं वाटतं."

"तुम्हाला तरी कुठे आहे?" मावशी म्हणाल्या.

ठिणगी हसली, कप्तानही हसला. वाईट मुलगा नव्हता तो. मावशींना रोज नमस्कार करायचा, त्यांची बादली उचलून द्यायचा. फक्त त्यांच्या नाकावर त्याचा विश्वास नव्हता. व्हिजिटरला काय वाटेल, व्हिजिटरच्या मनात काय येईल, यावर त्याने भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि रोज सकाळी खरोखरचं बाहेरून आत येणारं एकमेव माणूस त्या चिठ्ठ्यांखालून केर काढून जात होतं. त्यानंतरही मावशी रोज सांगत राहिल्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतर, असं कोण सांगणार?

ताईला कळत होतं. ती लांबून यायची, तिची बस लवकर पोचायची, त्यामुळे सगळ्यांच्या आधी आत यायची. पहिल्या मिनिटाला रुमाल नाकाला लावायची. दहा मिनिटांनी रुमाल खाली यायचा आणि तिचंही नाक झोपायचं. पण ते पहिलं मिनिट तिला आठवत असायचं. एकदा ती म्हणालीसुद्धा, "वास जरा जास्त वाटतोय का रे?"

"ताई, तुला सकाळी सगळंच जास्त वाटतं," कप्तान म्हणाला. "आपण एक टीम आहोत ना? मग एकदा ठरलं की ठरलं."

टीम हा शब्द ऐकला आणि ती रुमालाची घडी घालायला लागली. तिच्या चेहऱ्यावर शेरा उमटलेला मला कर्ण्यातून दिसला. मला तिचा राग आला, खरं सांगतो. दहा वर्षं परक्यांच्या तोंडात कवळ्या नीट बसवल्या, आणि स्वतःचं तोंड मात्र शिवून बसली होती.

दुपारी तिच्या आईचा फोन यायचा. आईला मोबाइलवर ओरडल्याशिवाय बोलता येत नसे, म्हणून मलाही ऐकू यायचं.

"भांडली नाहीस ना कोणाशी?"

"नाही, आई."

"जेवलीस?"

"जेवले. आई, वास फार जास्त झालाय गं. गुरुवारी कंपनीची माणसं येतायत."

"तुला कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मग झालं. दोन महिने मुकी राहिलीस तर जग बुडत नाही. पोराला मी सांगून ठेवलंय, आई यंदा पास होणार म्हणून."

ताई फोन ठेवून माझ्या पेटीकडे बघत राहिली. बटण नऊवर होतं.

गुरुवारी दहा वाजता या तिघांना शिकवणाऱ्या आणि मार्क देणाऱ्या मॅडम आल्या, त्यांच्याबरोबर कंपनीतले दोघं आणि वाइन पारखणारे एक गृहस्थ. किडकिडीत, पांढऱ्या भुवयांचे. नाक हेच त्यांचं हत्यार. त्यांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, कारण दुपारी त्यांना सतरा पिंपांमधली वाइन चाखून कुठली बाटलीत भरायची ते ठरवायचं होतं. अंगाला साबणाचा वास नको म्हणून साध्या पाण्याने आंघोळ करून आले होते म्हणे. एवढा जपून वागणारा माणूस माझ्या कर्ण्याकडे चालत येताना पाहिला आणि मला घाम फुटायचा बाकी राहिला.

पहिल्या दोन पेट्यांपाशी त्यांच्या भुवया नुसत्या वर गेल्या. कप्तान म्हणाला, "सर, खरी गंमत तिसरीत आहे." आणि त्यांनी तळहात पट्टीवर ठेवून माझ्या कर्ण्यात तोंड घातलं.

मी काय करणार होतो? वीज आली की फिरायचं, हा माझा धर्म. मी सगळा जोर लावून अडायचा प्रयत्न केला, पण तेल घातलेला पंखा अडत नाही. अकरा थेंबांचा धूर मी त्या म्हाताऱ्याच्या नाकात सरळ ओतला.

ते मागे सरले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. खिडकीशी गेले आणि बाहेर तोंड काढून उभे राहिले. ठिणगीने पाणी नेऊन दिलं. बऱ्याच वेळाने ते वळले आणि कंपनीच्या माणसांना म्हणाले, "दुपारचं राहू द्या. आज मला काही कळणार नाही." आवाजात राग नव्हता. हात मोडलेला सुतार सांगेल तसं त्यांनी सांगितलं.

मॅडमनी तिघांकडे पाहिलं. "हे काय आहे?"

कप्तानचा चेहरा पांढरा पडला होता. तो पटकन म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या पेटीतला पंखा जुना आहे. तो बिघडलाय. आपोआप जोरात पळतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी. छापखान्यातही मीच बेकार आणि इथेही मीच बिघडलेला. बारा दिवस ज्याच्या अंगावर बटण पिळलं, ज्याच्या तोंडात तेल ओतलं, त्याच्याच नावावर बिल फाडलं. मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी कॉलेजने ऐकलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "असं आहे का? तुम्ही तिघंही हेच म्हणता?"

ठिणगी बोटांवरचे ठिपके बघत राहिली. मॅडमची नजर ताईवर आली. ताईने पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला होता. एक हो म्हटलं की काम झालं असतं. गटाशी जमवून घेतलं असतं, पंख्याला शिव्या बसल्या असत्या, पंख्याचं काय जातंय? मी मनातून धरूनच चाललो होतो की ती हो म्हणणार. आईला शब्द दिला होता, घरी मुलाला सांगून झालं होतं.

"पंखा बिघडलेला नाही," ताई म्हणाली. "बटण नऊवर आहे, आम्हीच ठेवलंय. पहिल्या दिवशी दोनवर होतं, तेव्हा वास बरोबर होता. नंतर आमची नाकं बधिर झाली आणि आम्ही वाढवत गेलो. मावशी रोज सांगत होत्या. आम्ही त्यांना हसलो. मला कळत होतं, मी ठासून बोलले नाही."

कप्तान तिच्याकडे असं बघत होता जणू तिने त्याला जिन्यावरून ढकललं. बटण अजून नऊवरच होतं, ते मागे फिरवावं एवढंसुद्धा कोणाला सुचलं नव्हतं.

पारखी म्हणाले, "कोण मावशी?"

मावशींना बोलावलं. त्या बादली घेऊनच आल्या. एवढी माणसं बघून बादली दाराबाहेर ठेवली, आत पाऊल टाकलं आणि सवयीने बाही नाकाला लावली.

"तुम्ही किती वाजता येता?" पारख्यांनी विचारलं.

"सातला."

"येताना काही खाता-पिता?"

"काम झाल्यावर. आधी नाही."

पारखी डोळे पुसत कंपनीच्या माणसांना म्हणाले, "आपल्या खात्यात असं ताज्या नाकाचं एक माणूस हवं म्हणून मी तीन वर्षं मागे लागलोय." मग कप्तानकडे वळले. "मी पुढच्या गुरुवारी येईन. दहालाच. या मावशींनी हो म्हटलेलं असेल तरच कर्ण्यात तोंड घालीन."

ते गेले. मॅडम जाताना ताईला एवढंच म्हणाल्या, "शेऱ्याचं मी गुरुवारी बघते." त्याचा अर्थ बरा की वाईट, हे मला कळलं नाही, ताईलाही कळलं नसावं. ती खुर्चीवर बसली आणि रडली. कप्तानने दाराबाहेरची बादली उचलली आणि मावशींना म्हणाला, "मावशी, चूक झाली. उद्या सातला मीही येतो." त्याबद्दल मी त्याला अर्धी माफी दिली. उरलेली अर्धी अजून माझ्याकडेच आहे.

आता नवी पद्धत सुरू झाली. पेट्या उन्हात ठेवून धुऊन काढल्या, बोळे फेकले, दिवसा स्टुडिओत वासाची बाटली उघडायचीच नाही असं ठरलं. रोज सकाळी सातला मावशी बाहेरून आल्या आल्या पाचही पेट्यांपाशी जायच्या आणि त्या सांगतील तेच वहीत लिहायचं. मला वाटलं, आता माझे दिवस आले. बटण दोनवर येईल, एक थेंब पडेल, मी हळूच फिरेन आणि दालनात कायमचा बसेन. मी नवऱ्या मुलासारखा तयार होतो.

सोमवारी सकाळी ताई काचेची एक छोटी बरणी हातात घेऊन आईशी फोनवर बोलत होती. बरणीत बोळा आणि त्यावर एक थेंब, तो माझ्या पेटीत ठेवायचा होता. आई तिकडून ओरडत होती, "सांगितलं होतं ना, तोंड उघडू नकोस म्हणून? आता पोराला काय सांगू?" ताई नुसतं हं हं करत होती आणि बरणी दोन्ही तळव्यांत घट्ट धरून उभी होती. तेवढ्यात मावशी आत आल्या आणि तिच्याजवळ थांबल्या.

"आज बरा येतोय," त्या म्हणाल्या. "लाकूड आहे हे. आणि धूरसुद्धा, पण लांबचा."

ताईने बरणीकडे पाहिलं. मग फोन न ठेवताच म्हणाली, "ठिणगे, हाताच्या उबेने वर येतोय बघ. कवळीचं मेण आम्ही असंच तळव्यात धरून मऊ करायचो."

ठिणगीने वास घेतला. कप्तानने घेतला. मग तिघांनीही एकदम माझ्या पेटीकडे पाहिलं आणि मला कळून चुकलं.

"मग पंखे कशाला?" ठिणगी म्हणाली.

त्याच दुपारी तिने माझे चार स्क्रू काढले. गुरुवारी पेट्यांच्या जागी पाच बरण्या होत्या. पाहुण्याने बरणी हातात धरायची, तळव्याची ऊब लागली की दिवा मंद व्हायचा, आवाज यायचा आणि वास आपला आपण वर यायचा. ज्याला घाई असेल त्याला काहीच मिळायचं नाही. पारखी तिसऱ्या बरणीपाशी इतका वेळ उभे राहिले की कंपनीची माणसं घड्याळ बघायला लागली. हे मी एका खोक्यात उताणा पडून ऐकलं. रचना निवडली गेली. तिघंही पास झाली. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं ते ताईने कोणाला दाखवलं नाही, पण फोनवर ती आईला एवढंच म्हणाली, "आई, झालं. त्याला दे फोन." आणि मग मुलाशी बोलताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला काही ऐकू आलं नाही.

मला परत द्यायला ती स्वतः आली. सुटा भाग परत करताना एक चिठ्ठी भरावी लागते, भाग कोणता, कुठे वापरला, कसा आहे.

"बिघडला काय?" काकांनी विचारलं. बातम्या स्टोअरपर्यंत पोचतातच.

"नाही, चांगला आहे. आम्हीच जोरात पळवत होतो."

तिने माझी सातही पाती मऊ ब्रशने पुसली, चिठ्ठीवर 'चांगला, हळू चालवावा' असं लिहिलं आणि ती माझ्या वायरीला दोऱ्याने बांधली. कारखान्यातल्या बाईनंतर मला ओळखणारं हे दुसरंच माणूस. ती आता शेवटच्या वर्षाला गेली आहे आणि स्टोअरकडे फारशी फिरकत नाही. ती चिठ्ठी कोणी वाचेल याची मला खात्री नाही, कारण इथे लोक सामान घेतात आणि कागद खणात टाकतात.

तुम्ही मात्र ऐका. तुम्ही काहीही करत असाल, पेटी, पुस्तक, भाषण किंवा पोराला वळण लावणं, रोज त्यातच बसून राहिलात की ते तुम्हाला कमीच वाटत जाणार. मग बटणाला हात घालण्याआधी नुकतंच बाहेरून आलेलं कोणीतरी शोधा, आणि ते काय म्हणतं ते ऐका. माझ्यासारख्याच्या तोंडात तेल ओतू नका. ताईचं नाव राहिलं, आजीने मुलाला दिलेला शब्द राहिला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. ती हो म्हणाली असती तर मी बदनाम झालो असतो, पण कदाचित दुरुस्त करून मला त्या पेटीत ठेवलंही असतं. ती माझ्या बाजूने बोलली आणि म्हणूनच मी आज खणात आहे, हे मी कोणाला समजावून सांगू? लोक म्हणतात, त्या दालनात बरण्या फार छान दिसतात. पंखा नाही तेच बरं झालं, असंही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

पण मी हळू म्हणत होतो. मला काढा, असं मी कधी म्हटलं नव्हतं.